कोपऱ्यातला आकडा

कोल्हार,
६ जानेवारी २०२५

श्री. गोरक्षराव,

नमस्कार. हे पाकीट बघून तुमच्या आईंना वाटेल, मुलीकडून काहीतरी मागणी आली. त्यांना आधीच सांगा, मागणी नाही, चौकशी आहे.

पत्र का, ते सांगते. साखरपुडा झाल्यापासून आपण दोघं रोज फोनवर बोलतो असा दोन्ही घरांचा समज आहे. प्रत्यक्षात मी बोलते आणि तुम्ही "एक मिनिट हां, गिऱ्हाईक आलं" म्हणता. मग मी फोन कानाला लावून तुमचं खतांचं दुकान ऐकत बसते. कांद्यावर करपा पडला तर काय फवारायचं ते आता मला पाठ झालंय, पण तुम्हाला काय आवडतं ते अजून कळलेलं नाही. शिवाय मी फोन घेऊन गच्चीवर गेले की पाठोपाठ माझी चुलती वाळवण बघायला येते. ऐन थंडीत कसलं वाळवण, देव जाणे. पत्रात गिऱ्हाईक येत नाही आणि चुलतीही येत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा मोठ्यांनी आपल्याला बोलायला आतल्या खोलीत पाठवलं होतं. तुम्ही बराच वेळ आमच्या कपाटावरच्या ट्रॉफ्यांकडे बघत होतात. शेवटी मीच म्हटलं की मला जुने कन्सोल गेम खेळायला आवडतात, टीव्हीला जोडायचा डिस्कवाला डबा माझ्याकडे कॉलेजपासून आहे. तुमच्या आधी जे आले त्यांतल्या एकाने यावर विचारलं होतं, "लग्नानंतर पण खेळणार का?" दुसरा नुसताच हसला होता. तुम्ही म्हणालात, "मलाबी लई आवडतात. आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालतात की, एकदम लोण्यासारखे."

खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं. दुकान, शेती, घरदार हे सगळं आप्पांनी बघितलं. माझं बघणं तेवढंच होतं.

आता झालंय असं की माझा डबा बिघडलाय. आतलं डिस्क वाचणारं भिंग गेलं. नगरला दाखवलं तर म्हणाले, ह्याचा पार्ट आता येत नाही. डिस्का मात्र सगळ्या शाबूत आहेत. म्हणजे लग्नानंतर तुमचा कॉम्प्युटर हाच माझा आधार. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरने कन्सोलचं सोंग घ्यायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सोंग घेणाऱ्याला खऱ्यापेक्षा जास्त दम लागतो, म्हणून कॉम्प्युटर दणकट हवा. तर प्रोसेसर कोणता, रॅम किती, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का, एवढं लिहून पाठवा. मी इथे कॉम्प्युटरचे क्लास घेते, त्यामुळे आकडे बघून घाबरत नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार.

निकिता


राहाता,
११ जानेवारी २०२५

निकिता यांस,

"यांस" लिहून बराच वेळ पेन हातात धरून बसलो. शाळेत पत्रलेखनात मला कायम कमी मार्क पडायचे, कारण मी मजकूर सोडून पत्ताच फार सुंदर लिहायचो. तेव्हा चूकभूल पदरात घ्या.

तुमचं पत्र पोस्टमनने वडलांच्या हातात दिलं. वडलांना वाटलं खताच्या कंपनीचं आहे. ते खताच्या कंपनीचं कुठलंही पत्र फोडत नाहीत, त्यामुळे ते दोन दिवस गल्ल्यावर वजन ठेवल्यासारखं पडून होतं. मग आईने अक्षर बघितलं आणि गुपचूप माझ्या जेवणाच्या डब्यात घालून ठेवलं. भाकरीखाली पत्र. पहिल्या पानाला थोडा ठेचा लागलाय, पण वाचता आलं.

कॉम्प्युटरचं लिहितो. तो आमच्या बिलाच्या टेबलाखाली असतो. मी कॉलेजात असताना आला आणि तेव्हाही तो कुणीतरी वापरून सोडलेलाच होता. त्याच्यावर बियाण्याच्या कंपन्यांचे इतके स्टिकर होते की खालचा रंग दिसत नव्हता. काल दुपारी गिऱ्हाईक नसताना सगळे नखाने खरवडून काढले, तेव्हा आतलं मूळ स्टिकर निघालं. त्याच्यावर ड्युअल कोर लिहिलंय. रॅम दोन जीबी. ग्राफिक्स कार्ड वेगळं काही दिसलं नाही, पण चित्रं दिसतात, म्हणजे काहीतरी असणारच.

गेम मात्र लोण्यासारखे चालतात. त्याची काळजी करू नका. कुठले म्हणाल तर सगळेच.

वरच्या खोलीचं वायरिंग चालू आहे. आई विचारत होती, तुमच्या त्या गेमच्या सामानाला भिंतीत प्लग किती लागतील. वायरमन म्हणाला, "नवरीला इस्त्री आन् मोबाईल, दोन बास." आईने त्याला सांगितलं, "आमच्या नवरीचं सामान मोठं हाय." मी चार काढायला लावलेत. कमी पडत असतील तर आत्ताच कळवा, गिलावा व्हायचाय.

थंडी फार आहे. तुमच्याकडे नदीकाठी जास्तच असेल. जपून राहा.

आपला,
गोरक्ष


कोल्हार,
१५ जानेवारी २०२५

गोरक्षराव,

आधी तिळगूळ. वडीचा भुगा झाला असेल तर बन्सीमामांना बोला, ते पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवतात. आपलं लग्न त्यांनी जमवलं असल्यामुळे सध्या दोन्ही घरी चहा पिण्याचा त्यांचा हक्कच झालाय, म्हणून पत्रही त्यांच्याच हाती देतेय. सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. मामांना सांगितलंय की त्यात शालूचे फोटो आहेत. त्यांना तो उघडता येत नाही, त्यामुळे आपलं गुपित सुरक्षित आहे.

चार प्लग पुष्कळ झाले. आईंना सांगा, नवरीचं सामान मोठं आहे असं माझ्याबद्दल इतक्या प्रेमाने आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

आता तुमच्या कॉम्प्युटरचं. रागावू नका, पण तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवर हे गेम लोण्यासारखे चालणं मला जरा अवघड वाटतंय. लोकांना वाटतं रॅम वाढवली की झालं. रॅमचं त्यात फारसं काही नसतं. कन्सोलच्या आत जे काम दोन-तीन चिपा वाटून घेतात ते सगळं कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला एकट्याने ओढावं लागतं, तेही जागच्या जागी, दर क्षणाला. पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला एकच माणूस असला की कसं होतं, भात पहिल्या पानावर पोचेपर्यंत शेवटचं पान वाळून जातं. तसं. आणि तुमचा वाढपी वयस्कर आहे.

पण कधी कधी चमत्कार होतात, म्हणून परीक्षा घेऊ. पेन ड्राइव्हमध्ये एम्युलेटरची जुनी आवृत्ती टाकलीय, नवी तुमच्याकडे सुरूच होणार नाही. त्यातच माझ्या सर्वांत आवडत्या डिस्कची कॉपी आहे. समुद्रकाठच्या घाटात गाड्यांची शर्यत, एवढाच गेम. काय कुठे दाबायचं ते मागच्या पानावर लिहिलंय. गेम सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसेल. एका सेकंदात किती चित्रं सरकतात त्याचा तो आकडा. साठ पाहिजे. साठ असला म्हणजे खरं कन्सोल आणि तुमचं सोंग यांत फरक नाही. तो बघा, आणि गेम कसा वाटला ते सविस्तर लिहा.

मला उत्तराची घाई झालीय. एकट्याने खेळून कंटाळा आलाय हो. इतकी वर्षं मी जिंकले तरी मागे वळून कुणाला "बघितलंस का" म्हणायची सोय नव्हती.

निकिता


राहाता,
२१ जानेवारी २०२५

निकिता यांस,

तिळगूळ पोचला. भुगाच होता, तो आम्ही चमच्याने खाल्ला.

पेन ड्राइव्ह लावला. तुम्ही लिहून दिलं होतं तसं एकेक करत गेलो आणि गेम सुरू झाला. कोपऱ्यातला आकडा साठ. बरोबर साठ.

आता गेमबद्दल, सविस्तर. शर्यत म्हटल्यावर मला वाटलं होतं नुसती पळापळ आणि आदळआपट असेल. पण हा तर फारच निवांत गेम निघाला. गाडी घाटात शिरते, लांबून वळण दिसतं, मग डावीकडे घ्यावं की उजवीकडे यावर नीट विचार करायला माणसाला वेळ मिळतो. काल मधेच उठून एका गिऱ्हाइकाला भेंडीच्या बियांची पुडी काढून दिली, परत आलो तर गाडी अजून त्याच वळणावर होती. कुठे धडकली नव्हती, काही नाही. बाकीच्या गाड्याही सभ्य आहेत. ओव्हरटेक करताना इतक्या सावकाश बाजूने जातात की आतल्या ड्रायव्हरशी ओळख व्हावी.

गाणं तर पहाटेच्या भूपाळीसारखं आहे. एकेक सूर ओढून लांब केलेला. आईला ते इतकं आवडलं की ती आता भाजी निवडायची परात घेऊन दुकानातच येऊन बसते. पुलाजवळ एक धबधबा लागतो, त्याचं पाणी थेंब थेंब खाली येतं, मोजावं म्हटलं तर मोजता येईल. ज्याने कुणी हा गेम बनवला तो शांत स्वभावाचा माणूस असणार.

मी पूर्वी खेळायचो ते गेम वेगळे होते, त्यामुळे हा मला नवीनच. पण मनापासून आवडला. वडील म्हणाले, अशी शर्यत असेल तर मी पण येतो.

पत्रिकेचं आप्पासाहेब काय म्हणतात? बन्सीमामा सांगत होते, या आठवड्यात छापायला टाकणार.

आपला,
गोरक्ष


कोल्हार,
२९ जानेवारी २०२५

गोरक्षराव,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुलती धावत आली, काय झालं म्हणून. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

ते गाणं भूपाळी नाही. ढोल आहे तो. इतक्या जोरात वाजतो की त्यावर पाय जागेवर राहत नाहीत. तो धबधबा म्हणजे नुसता पांढरा पट्टा, दिसला न दिसला तोच मागे जातो. आणि ती शर्यत खेळताना शिंक आली तरी गाडी दरीत जाते. तुम्हाला धबधब्याचे थेंब मोजता आले, याचा अर्थ तुमचा कॉम्प्युटर धापा टाकत होता. कोपऱ्यातला आकडा पंधराच्या वर जाणं शक्यच नाही. मी साठ पाहिजे असं लिहिलं, म्हणून तुम्ही साठ लिहिलंत.

कॉम्प्युटर हळू आहे याचा मला राग नाही. मशीन जुनं असणं हा काही गुन्हा नाही. पण आयुष्यात एकदा जरी कुणी असा गेम खेळला असता, तरी त्याला ती शर्यत निवांत वाटली नसती. म्हणजे तुम्ही कधीच खेळलेला नाहीत. त्या दिवशी आतल्या खोलीत जे म्हणालात तेही खोटं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ. पण माझ्या होकाराला तेवढा एकच टेकू होता. उद्या मी विचारेन, भाजी कशी झालीय, तुम्ही म्हणाल छान. मी विचारेन, तुम्हाला बरं वाटतंय ना, तुम्ही म्हणाल हो. मला बरं वाटेल तेच सांगत राहाल. मग मी संसार करायचा कुणाबरोबर? मला तुम्ही खरे कोण ते माहीतच नाही.

आप्पा पत्रिका छापायला टाकायला निघाले होते. मी म्हटलं, मजकूर एकदा मला बघू द्या. चार दिवस तो कागद माझ्याकडेच आहे. घरी कुणाला काही बोललेले नाही. साखरपुडा मोडला तर लोक मुलीकडेच बोट दाखवतात, शिवाय माझ्यामागे धाकटी बहीण आहे, हे सगळं मला कळतं. तरीही मी कागद दिलेला नाही.

खरा आकडा काय होता, तेवढं लिहा.

निकिता


राहाता,
१ फेब्रुवारी २०२५

निकिता,

बारा. रस्त्यावर आपली गाडी एकटीच असली तर चौदा. गेममध्ये पाऊस सुरू झाला की नऊ.

मी कधीही गेम खेळलेलो नव्हतो. मोबाईलवरसुद्धा नाही.

तुमच्या आधी मी बऱ्याच मुली बघितल्या. त्यांनी मला बघितलं असं म्हणणं जास्त बरोबर. शेती आणि खताचं दुकान म्हटलं की निम्म्या घरांत पोहे यायच्या आधीच कळायचं की इथे जमणार नाही. कुणाला पुण्याचा मुलगा हवा होता, कुणाला नोकरीवाला. शेवटी बन्सीमामांनी मला युक्ती शिकवली. म्हणाले, "पोरगी जे सांगंल त्याला 'मलाबी' म्हनायचं. आवडी जुळल्या की निम्मं काम झालं." मग मी सुटलोच. एकीला गड चढायला आवडायचं. मलाबी. एकीला कविता. मलाबी. एक म्हणाली, मला मटण-मच्छीचा वाससुद्धा सहन होत नाही. मी म्हटलं मलाबी, आणि शर्टाला सकाळच्या रश्श्याचा डाग होता. तुम्ही गेम म्हणालात तेव्हा तोंडातून आपोआप तेच निघालं. त्याच्यापुढे लोणी कुठून आलं ते मलाही ठाऊक नाही.

साठ का लिहिलं तेही सांगतो. आधी कच्च्या कागदावर बाराच लिहिलं होतं. मग वाटलं, बारा वाचून तुम्ही म्हणाल की ह्या घरात माझं काही चालायचं नाही. तुमच्या पत्रात ते वाक्य होतं ना, जिंकल्यावर मागे वळून बघायला कुणी नाही. ते वाचल्यापासून मला तुमच्या मागे बसायचं होतं. ती जागा कॉम्प्युटरमुळे जायला नको, म्हणून साठ लिहिलं. आता दिसतंय की ती माझ्यामुळेच जातेय.

तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं, मला काय आवडतं ते तुम्हाला कळलं नाही. मला कबुतरं आवडतात. दुकानाच्या गच्चीवर माझं खुराडं आहे. सकाळी शटर उघडायच्या आधी मी वर असतो. त्यांना सोडायचं, आणि ती पार दिसेनाशी झाली की वाट बघत उभं राहायचं. परत येतात तेव्हा आधी नुसता ठिपका असतो. मला त्याच्याइतकं दुसऱ्या कशात सुख वाटत नाही. मामांनी बजावलं होतं, पोरीकडे कबुतरांचं नाव काढू नको, कबुतरं पाळणारा म्हणजे उनाड असं लोक धरतात. म्हणजे जे होतं ते झाकलं आणि जे नव्हतं ते मांडलं, असं माझं झालं.

आता एवढंच. मोडायचं असेल तर मोडणं माझ्या नावावर घाला. मुलीकडून मोडलं की लोक दहा ठिकाणी दहा गोष्टी बोलतात. मुलाने खोटं सांगितलं म्हणून मोडलं, तर बोलायला काही उरत नाही. मी आजच आई-वडलांना आणि बन्सीमामांना सांगतो. तुम्ही हो म्हणाल का नाही, त्यावर हे सांगणं मी अवलंबून ठेवत नाही. तुम्ही सावकाश ठरवा. त्या कागदाची कुणी घाई करणार नाही असं मी मामांना बजावतो.

पेन ड्राइव्ह तुमचा आहे, परत पाठवायला हवा. पण आई रोज दुपारी खेळते. तिच्याकडून काढून घ्यायला हात होत नाही. तेवढी मुदत द्या.

गोरक्ष


कोल्हार,
१० फेब्रुवारी २०२५

गोरक्ष,

हो, तुला अरे-तुरे करतेय. चारचौघांत अहो म्हणीन, पत्रात नाही.

तुझं पत्र मला क्लासवर मिळालं. "मोडणं माझ्या नावावर घाला" इथपर्यंत आले आणि मुलं टायपिंग करत असतानाच मला रडू फुटलं. सर्दी झालीय म्हणून सांगितलं. एका मुलीने लगेच गोळी काढून दिली, ती मुकाट्याने घ्यावी लागली.

पण रडणं वेगळं आणि विश्वास वेगळा. इतकं नीट लिहिणाऱ्याने हेही मला बरं वाटावं म्हणूनच लिहिलं नसेल कशावरून? म्हणून मी एक आगाऊपणा केला. बाजाराच्या दिवशी क्लासची पुस्तकं आणायला जाते असं घरी सांगितलं, तोंडाला स्कार्फ बांधला आणि एसटीने थेट राहात्याला आले. तुमच्या दुकानात. तू माल पोचवायला मळ्यात गेला होतास. वडील गल्ल्यावर होते. मी म्हटलं, कोबीचं बी दाखवा. ते दाखवत होते आणि मी टेबलाकडे बघत होते.

आई कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. मांडीवर मेथीची परात, दोन्ही हात कीबोर्डवर. शेजारी एक बाई उभी होती. तुझे वडील तिला छबूबाई म्हणत होते. ती म्हणाली, "काय वो, पोराचं लगीन कुठवर आलं?"

आईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "मोडंल बी कदाचित."

"अगं बया. पोरीचं काय निघालं का?"

"पोरीचा काय बी दोष न्हाई. आमच्या गोरक्षनंच खोटं सांगितलं. त्यानंच येऊन आमाला सांगितलं तसं. कुनी इचारलं तर तुमी बी असंच सांगा."

"असं काय खोटं बोलला?"

"ह्यो गेम येतो म्हनला."

छबूबाई हसायलाच लागली. "एवढंच व्हय?"

"एवढंच कसं? ती पोर त्याच्यावर हो म्हनली हुती."

गोरक्ष, हे मी माझ्या सख्ख्या मैत्रिणीला समजावून सांगितलं होतं, तिला पटलं नव्हतं. आप्पांना कधी सांगायची हिंमतच झाली नाही. आणि तुझ्या आईंनी गाडी चालवता चालवता ते एका वाक्यात सांगून टाकलं.

छबूबाईने विचारलं, "मंग आता तुमी कशाला खेळत बसलाय?"

"ती आलीच तर घरात कुनाला तरी यायला नको का? गोरक्ष दिसभर गिऱ्हाइकात. पोर एकटी कुनासंगं खेळंल? मला आता गाडी पुलापातूर न्हेता यायला लागलीया."

तुझे वडील मला विचारत होते, पुडी एक देऊ का दोन. मी बियाणं तिथेच सोडलं. स्कार्फ सोडला आणि टेबलामागे गेले. पुलावर त्यांची गाडी कठड्याला घासत चालली होती. मी म्हटलं, "ब्रेक सोडा, आई. पुलावर ब्रेक दाबायचा नसतो."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग परात खाली ठेवली आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली. आम्ही दोघींनी ती शर्यत पुरी केली. शेवटून दुसरा नंबर आला. छबूबाई तिथेच उभी राहून सगळ्या बाजाराला सांगायच्या तयारीत बघत होती. वडलांनी कोबीच्या बिया मला फुकट दिल्या.

जाताना मी आईंना, वडलांना आणि छबूबाईलाही शपथ घातली की गोरक्षला एक अक्षर सांगायचं नाही. तू आठ दिवस जीव मुठीत धरून बसला असशील, हे माहीत होतं. बसायलाच हवं होतं. साठ लिहितोस काय.

कॉम्प्युटरचा निकाल देते, कारण चौकशी तीच होती. ह्या गेमला तुमचा डबा पुरणार नाही. सेटिंग कितीही खाली आणली तरी तो विसाच्या वर जाणार नाही, त्याला उगाच छळू नको. पण त्याच्या आधीच्या पिढीतले, कॅसेटवाल्या कन्सोलचे गेम ह्याच डब्यावर खरोखर लोण्यासारखे चालतात. दोन टाकून आलेय. लावून बघ. कोपऱ्यात साठ दिसेल आणि तो खरा असेल. मशीनकडून त्याच्या ताकदीएवढंच काम मागितलं तर ते खोटं पडत नाही. आईंची शर्यत मात्र पुसू नकोस. त्यांना बाराच बरे पडतात.

तुझी कबुतरंही बघितली. निघताना आई मला गच्चीवर घेऊन गेल्या होत्या. त्यातलं एक करड्या पंखांचं माझ्याकडे बघून घुमत होतं. मला पक्ष्यांमधलं काही कळत नाही आणि कबुतरांची मला थोडी भीतीच वाटते. मलाही आवडतात असं मी म्हणणार नाही. पण ती परत येताना बघायला तुझ्या शेजारी उभी राहीन. "मलाबी" हा शब्द आपल्या दोघांतून हद्दपार. बन्सीमामांनाही कळव, नाहीतर पुढच्या एखाद्या पोराला ते हीच युक्ती शिकवतील.

राग पूर्ण गेलेला नाही. उरलेला लग्नानंतर सवडीने काढीन.

सोबत पत्रिकेचा छापून आलेला पहिला कागद पाठवतेय. तुझं नाव नीट आहे का बघून घे. बाकीच्या छापायला आप्पांनी कालच सांगितलंय, आता बदल होणार नाही.

तुझी,
निकिता